फोडू नका

कायसेरीजवळच्या टेकडीत, जळक्या थराखाली
नेरिमानच्या कुंचल्याला लागलं
तळहाताएवढं पाकीट. मातीचं.
भट्टीनं नाही, ज्या आगीत घर गेलं
त्याच आगीनं भाजून टिकवलेलं.
वर मुद्रा फिरवलेली : हात उचललेली एक बाई,
पुढ्यात कुणी देव, की सावकार.
चार हजार वर्षं झिजल्यावर
दोघं सारखेच दिसतात.

पत्र आत. कानाशी धरून हलवलं
तर वाळक्या शेंगेसारखं खुळखुळतं.
कुणी फोडलेलंच नाही.
पोचलं तेव्हा तो गावात नव्हता,
की होता, आणि म्हणाला, उद्या बघू?
माती एवढं सांगत नाही.

अंकाराहून यंत्र आलं, न फोडता आतलं दाखवणारं.
पडद्यावर खिळ्यांच्या ओळी उमटल्या,
ओल्या अंगणात चिमणी नाचून गेल्यासारख्या.
म्हातारे हालुक बे चष्मा कपाळावर सरकवून
दम खात वाचू लागले :

"शू-बेलुमला सांग. नुह्शातुम असं म्हणते.
सहा कापडं पाठवली. तू लिहितोस, पातळ आहेत.
पातळ!
इथं अश्शूरला लोकर महागलीय आणि मला हात दोनच.
दाट विणते, पण मग सहाची चार होतील,
मग तू चारांवरून बोलशील.
काळ्या गाढवाच्या खोगिरात, डाव्या अंगाला
एक लहान कापड शिवून टाकलंय.
जकातवाल्याला दाखवू नकोस. विकूही नकोस.
शेजाऱ्यांनी माडी चढवली.
आपली भिंत मी पाठीनं धरून आहे.
चांदी पाठव.
पोरगी तुझं नाव घेते,
रांजणाचं नाव घ्यावं तसं, न बघता.
चांदी पाठव."

हालुक बे थांबले.
"पुढची ओळ कडेवर गेलीय. जागा पुरली नाही बाईला."
मान वाकडी करून वाचलं त्यांनी :
"हिशोब चुकला असेल तर रागावू नकोस.
मोजताना जवळ कुणी नव्हतं."

चहा आला. लहान पेल्यांतून, दोन-दोन खडे साखर.
कुणी म्हणालं, वाचून तर झालं,
आता फोडायला काय हरकत?
संग्रहालयाला एकाच्या दोन वस्तू होतील.
"फोडू नका," नेरिमान म्हणाली,
जरा मोठ्यानंच.
का म्हणून विचारलं, तेव्हा तिनं
ओल, क्षार, तडे असलं काहीबाही सांगितलं.

घरी, बुन्यानला, कपाटाच्या वरच्या फळीवर
बाबांच्या सामानातून परत आलेल्या कॅसेटी आहेत.
डुइसबुर्गच्या पोलादभट्टीत बावीस वर्षं होते ते.
आई गालिच्याच्या मागाशी बसून बोलायची त्यांच्याशी,
टेपचं लाल बटण दाबून.
शब्दांमागे फणीचे ठोके. ठक्. ठक्.
कधी कधी नुसतेच ठोके.
त्यातल्या एका कॅसेटीवरचा कागद अजून तसाच,
चिकटपट्टीसकट.
हे आईला ठाऊक आहे का,
नेरिमाननं विचारलेलं नाही.

एर्जियेसवरचा बर्फ निळा पडला तेव्हा ती घरी पोचली.
शेरिफे मागावर होती. डोळे गेलेत,
पण गाठी बोटांना पाठ.
"काय निघालं आज?"
"पत्र. एका विणणारीचं, नवऱ्याला."
"काय म्हणते?"
"खूप काही. पैसे पाठव, म्हणते."
फणी हवेतच राहिली.
"मग? आले?"
"ते कसं कळणार, आई. पत्र फोडलंच नव्हतं त्यानं."

आईनं लाल धागा चाचपला, ओढला,
सुरीनं कापला.
"नाही आले," ती म्हणाली,
आणि पुढची गाठ मारली.